निर्वासित, आश्रय आणि आपला कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करते. इथल्या विद्यापीठात येमेन, सुदान, अफगाणिस्तान, इराकमधून मुलं शिकायला येतात. ती मुलं, त्यांना खोली देणारे घरमालक, शाळेतल्या बाई आणि कायद्याचे विद्यार्थी मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निर्वासित नेमकं कोणाला म्हणायचं? आमच्याकडे धरणात गाव गेलेल्यालाही तेच म्हणतात.

बोलताना म्हणतात, पण कायद्यात चार वेगळे शब्द आहेत. जायकवाडीत जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जाणारं बीडचं जोडपं स्थलांतरित. किल्लारीच्या भूकंपात घर पडलं ते आपद्ग्रस्त. या तिघांच्याही डोक्यावर त्यांचं स्वतःचं सरकार असतं. ते मदत करो न करो, त्याच्याकडे मागता येतं.

निर्वासित तो, ज्याला आपल्याच सरकारची भीती वाटते, किंवा ज्याला त्याचं सरकार वाचवू शकत नाही, आणि त्यापायी ज्याने देशाची हद्द ओलांडली आहे. १९५१ च्या जागतिक करारात छळाची पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटाचं सदस्यत्व आणि राजकीय मत. ही भीती खरी ठरेपर्यंत माणूस ‘आश्रयार्थी’ असतो. अर्ज तपासणीत आहे एवढाच त्याचा अर्थ. तो खोटं बोलतो आहे असा नाही.

२. भारतात निर्वासितांसाठी कायदा आहे का?

नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ लागू झाला आणि १९४६ च्या फॉरेनर्स अॅक्टसह चार जुने कायदे गेले. पण या नव्या कायद्यातही आश्रय मागण्याची रीत सांगितलेली नाही. त्याच्या लेखी सुट्टीवर आलेला पर्यटक आणि जीव मुठीत धरून आलेला माणूस दोघेही सारखेच परदेशी. वैध पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायदा करण्याचे प्रयत्न झाले. न्या. पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने नमुना कायदा तयार झाला होता. शशी थरूर यांनी २०१५ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं आणि पुढे पुन्हा मांडलं. पुढे काही सरकलं नाही.

३. कायदा नाही, तर इतकी वर्षं चाललंय कसं?

त्या त्या वेळच्या सरकारी आदेशांवर. १९५९ नंतर तिबेटी आले, त्यांना वसाहती मिळाल्या. आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे. दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाले दुकानं लावतात. त्यांच्याकडून स्वेटर घेताना ही माणसं निर्वासित आहेत हे आपल्याला आठवतही नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले. १९८३ नंतर श्रीलंकेतले तमिळ आले. या गटांचं काम सरकारने स्वतः पाहिलं. बाकीच्यांचं, म्हणजे अफगाण, सोमाली, म्यानमारचे वगैरे, काम संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, यूएनएचसीआरकडे गेलं.

भारताने माणुसकी दाखवली हे खरंच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण आदेशावर चालणारी माणुसकी आदेश बदलला की बदलते. तुम्ही कोणत्या साली आणि कोणत्या देशातून आलात यावर सगळं ठरतं. तुमच्यावर काय गुदरलं, याला त्यात जागा नसते.

४. सीएए हा निर्वासितांचाच कायदा ना?

नाही, सीएए म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायदा, तो नागरिकत्वाचा कायदा आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाचा मार्ग त्याने दिला. नियम मार्च २०२४ मध्ये आले. २०२५ च्या सवलत आदेशाने याच समाजांतल्या ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागद नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. ही सूट राहण्यापुरती आहे, ती म्हणजे नागरिकत्व नव्हे. लोक इथे हमखास गल्लत करतात.

आश्रयाचा कायदा यापेक्षा वेगळा हवा. काबूलहून आलेल्या शीख कुटुंबाला आणि काबूलहून आलेल्या मुसलमान पत्रकार बाईला एकच प्रश्न विचारणारा: परत गेलात तर काय होईल?

५. यूएनएचसीआरचं कार्ड मिळालं की सगळं मिटतं का?

मिटत नाही. कार्डाचा पोलिसांपुढे उपयोग होतो, पण तो निवास परवाना नव्हे. त्यावर आधार निघत नाही, म्हणून बँक खातं आणि सिमकार्ड अडतं. नोकरीचा हक्कही त्यातून मिळत नाही. २०११ च्या गृह मंत्रालयाच्या कार्यपद्धतीनुसार सरकारने दीर्घ मुदतीचा व्हिसा दिला, तरच खासगी नोकरी आणि शिक्षण रीतसर करता येतं.

आणि नोंदणीचं काम दिल्लीत. इथल्या मुलाने सचखंड एक्सप्रेसचं तिकीट काढायचं, दिल्लीत राहायची सोय बघायची, आणि पुढची तारीख मिळाली की परत यायचं. न्याय्य व्यवस्थेत अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी घेतला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

६. नागरिक नसलेल्याला आपली राज्यघटना लागू होते का?

होते, सगळी नाही. कलम १४ (समानता) आणि कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) यांत शब्द आहे ‘व्यक्ती’. कलम १९ मध्ये मात्र ‘नागरिक’ आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांना अरुणाचलमधून हुसकावण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. आपल्याकडची व्यवस्था उभी आहे ती ‘व्यक्ती’ या एका शब्दावर.

७. जिवाला धोका असेल तिथे परत पाठवू नये, हे भारतावर बंधनकारक आहे का?

यावर कोर्टांचं एकमत नाही, म्हणून मी कोणालाही पक्कं आश्वासन देत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात हे तत्त्व कलम २१ मध्येच आहे असं म्हटलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसंच मानलं. २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या पत्रकारांना दिल्लीला यूएनएचसीआरकडे सुखरूप जाऊ दिलं. पण त्याच वर्षी, ८ एप्रिल २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांच्या अर्जावर सांगितलं की कलम १४ आणि २१ सगळ्यांना आहेत, मात्र हद्दपार न होण्याचा हक्क कलम १९ शी जोडलेला, म्हणजे नागरिकांपुरता. सोबत एवढं बजावलं की ठरलेली कायदेशीर पद्धत पाळल्याशिवाय पाठवू नका.

मग ‘कायदेशीर पद्धत’ म्हणजे काय? आज तिचा अर्थ मुख्यतः त्या देशाने नागरिक म्हणून ओळख पटवणं. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळाला, त्याच सरकारकडून ओळख पटवून घ्यायची! ही खाच संसदेच्या कायद्यानेच बुजू शकते.

८. मुलगा शिकायला विमानाने, व्हिसा घेऊन आला. मागे युद्ध लागलं. तो निर्वासित कसा?

येताना नव्हता, आता होऊ शकतो. भीती देशाबाहेर असताना उभी राहिली तरी चालते. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लढाई सुरू झाली तेव्हा सुदानची कित्येक मुलं परदेशात वर्गात बसलेली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण मुलामुलींवर हीच वेळ आली. नुसतं युद्ध सुरू आहे एवढ्याने करारातली व्याख्या पूर्ण होत नाही, पाच कारणांपैकी एक लागतं. पण गोळीबारात परत पाठवू नये एवढं तात्पुरतं संरक्षण बऱ्याच देशांचे कायदे देतात.

व्यवहाराचं सांगते: व्हिसा संपायच्या आत ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज टाका. संपल्यावर टाकलेला अर्ज आणि संपायच्या आदल्या दिवशी टाकलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

९. जो चोरून, बिनकागदाचा आला, तो खरा कसा असेल?

पासपोर्ट देतं सरकार. सरकारच जिवावर उठलं तर पासपोर्ट मागायला त्याच्याच दारात जायचं का? म्हणूनच १९५१ च्या कराराचं कलम ३१ सांगतं की थेट धोक्याच्या ठिकाणाहून आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाची शिक्षा देऊ नये. आपल्या कायद्यात ही सूट सर्वांसाठी नाही (प्रश्न २ आणि ४).

१०. पण खरं-खोटं ओळखायचं कसं? कोणीही येऊन काहीही सांगेल.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रास्त आहे. आश्रयाची सगळी यंत्रणा एका खोलीत ठरते: टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला अर्जदार, मध्ये दुभाषी. ती एक मुलाखत नीट झाली तर पुढचं अर्धं काम वाचतं.

आधी तारखांचं बघू. आपल्याकडे साठीच्या पुढच्या माणसांचे दाखले काढून पाहा, निम्म्यांची जन्मतारीख १ जून निघेल. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिली तीच. माझ्या आजीला घरातल्या कोणाच्या जन्माचं विचारलं तर ती "बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन वर्षं" असं सांगायची, आणि ते बरोबर असायचं. अफगाण निर्वासितांच्या कागदांवर तशीच १ जानेवारी दिसते. त्यांची दिनदर्शिका वेगळी, इथिओपियाची तर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. तारीख चुकली म्हणून माणूस खोटा, हा निष्कर्ष लावणाऱ्याने एकदा स्वतःच्या घरातले दाखले बघावेत.

मग दुभाषी. एका अरबी बोलणाऱ्या मुलाच्या जबाबात एकदा लिहिलं होतं की त्याला चुलत्याने सीमेपर्यंत पोचवलं. दुसऱ्या कागदावर होतं की त्याच्या वडिलांना भाऊच नव्हता. झालं, विसंगती! मी त्याला समोर बसवून विचारलं. त्याने वापरलेला शब्द होता ‘अम्म’, आणि अरबीत तो चुलत्यालाही म्हणतात आणि कुठल्याही वडीलधाऱ्या माणसालाही. सीमेपर्यंत पोचवणारा तो माणूस ट्रकचालक होता. आपण रिक्षावाल्याला काका म्हणतो, भाजीवालीला मावशी म्हणतो, तसंच. त्या मुलाचं आयुष्य या एका शब्दावर अडकलेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नात्याचा शब्द मी दोनदा विचारून घेते.

आणि पुरावा. नियम असा हवा, आणि यूएनएचसीआरच्या मार्गदर्शिकेत तो आहेच, की सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर, पण तपासण्याचं काम दोघांचं मिळून. मराठवाड्याला हे समजावून सांगावं लागू नये. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये राज्य सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं कामाला लावली आणि तहसीलची दप्तरं उघडली. घरात कागद नाही म्हणून दावा खोटा असं न म्हणता सरकार स्वतः कागद शोधायला गेलं. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पुरावा शोधायची ही रीत योग्य आहे. आश्रयाच्या अधिकाऱ्यानेही त्या देशाची ताजी माहिती स्वतः मिळवून जबाबाशी ताडून बघायला हवी. एवढं करूनही शंका उरली, आणि बाकीची हकिगत जुळत असली, तर शंकेचा फायदा अर्जदाराला. चुकून एखादा जास्त राहिला तर तो नंतरही शोधता येतो. चुकून परत पाठवलेला माणूस मात्र परत आणता येत नाही.

११. निकाल कोणी द्यायचा? पोलिसांनी का?

पोलिसांनी नोंद घ्यावी, निकाल देऊ नये. हद्दीवर पहारा देणं आणि हकिगत ऐकून निवाडा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅनडाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे: भारतातून गेलेल्या शीख अर्जदारांच्या ‘सिंग’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९८५ ला ठरवलं की कागदावर निकाल चालणार नाही, माणसाला समोर बसवून ऐकलंच पाहिजे. त्यानंतर १९८९ मध्ये तिथे स्वतंत्र मंडळ आलं.

आपल्याकडे काय हवं? प्रशिक्षित अधिकाऱ्याने पहिला निकाल द्यावा, तो लेखी आणि कारणांसह, अर्जदाराला कळेल अशा भाषेत. त्यावर वेगळ्या न्यायाधिकरणाकडे अपील, आणि अपील संपेपर्यंत हद्दपारीला आपोआप स्थगिती. स्थगिती नसेल तर जिंकलेल्या अपिलाचा निकाल माणूस गेल्यावर येतो.

१२. एवढं सगळं करत बसलं तर वर्षं लागतील.

आत्ता तरी कुठे लवकर होतं? स्वित्झर्लंडने १ मार्च २०१९ पासून नवी पद्धत आणली. बहुतेक प्रकरणं १४० दिवसांत संपवायची, आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जदाराला सरकारी खर्चाने वकील. घाई आणि वकील एकत्र, हे मुद्दाम केलं. पहिला निकाल भक्कम असला की तो वर तुटत नाही. वर्षं जातात ती कच्चा निकाल दिल्यामुळे, मग तो फिरतो आणि प्रकरण पुन्हा पहिल्या टेबलावर येतं. तहसीलमधल्या फेरफाराच्या नोंदीत चूक झाली की पुढे किती कोर्ट होतं, ते शेतकऱ्याला विचारा.

१३. यात दहशतवादी शिरले तर?

करारातच कुंपण आहे. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा आश्रय देणाऱ्या देशाबाहेर गंभीर अराजकीय गुन्हा केलेल्याला निर्वासित म्हणता येत नाही. मात्र ते त्या एका माणसाबद्दल पुराव्याने दाखवावं लागतं, सगळ्या समाजावर शिक्का मारून नाही. आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही नोंदणीच बरी. नाव, फोटो, बोटांचे ठसे, पत्ता देऊन बसलेला माणूस सरकारला माहीत असतो. नोंदणीची भीती वाटून लपलेला माणूस कोणालाच माहीत नसतो.

१४. अर्ज नामंजूर झाला तर त्याला ठेवून घ्यायचं का?

नाही. नीट ऐकलं, अपील झालं, तरी दावा टिकला नाही, तर परत पाठवणं कायदेशीर आहे आणि व्यवस्थेवर विश्वास राहायला ते गरजेचंही आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा देश सुनावणीच टाळायला बघतो. ब्रिटनने अर्जदारांना रवांडाला पाठवायचं ठरवलं. १५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, कारण रवांडातून त्यांना मूळ देशात ढकललं जाण्याचा खरा धोका होता. आणि ज्याला त्याचा देश घेतच नाही, त्याला वर्षानुवर्षं डांबून ठेवणं हा उपाय नाही.

१५. आमच्याच पोरांना काम नाही, प्यायला टँकरचं पाणी. यांचं ओझं आम्ही का घ्यायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी कधी रागावत नाही. टँकरमागे कळशी घेऊन मीही धावले आहे.

पण आपल्याच घरात विचारून बघा. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने नांदेड, बीड, उस्मानाबादकडची कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, वऱ्हाडात गेली. तिथे कोणीतरी त्यांना ओसरी दिली, कोणीतरी पीठ दिलं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर पाळी आली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड नोंदवले. त्यांनाही काही ठिकाणी शेजाऱ्यांनी लपवलं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आपल्या शहरांत आली, हातगाडीपासून सुरुवात करून त्यांनी दुकानं उभी केली.

ओझं होतं ते काम करू दिलं नाही तर. युगांडा आपल्याहून गरीब आहे, पण त्याच्या २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करायचा आणि हिंडायचा हक्क दिला, वसाहतींत कसायला जमिनीचा तुकडाही दिला जातो. काम बंद ठेवलं तर माणूस चोरून, निम्म्या मजुरीत राबतो. त्याने तुमच्या पोराचाही रोज पडतो.

१६. मी घरमालक आहे. अशा मुलाला खोली दिली तर मी अडकेन का?

व्हिसा चालू असेल तर नाही. परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते, तेवढी चुकवू नका. व्हिसाची प्रत आणि भाडेकरार जवळ ठेवा. मुदत संपली असेल तर मुदतवाढीच्या अर्जाची पोच मागा.

१७. मुलाकडे टीसी नाही, आधार नाही. शाळेत घ्यायचं का?

घ्यायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांचं ‘प्रत्येक बालक’ आहे, नागरिकत्वाची अट नाही. वयाचा दाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवा. मराठी ते पोर सहा महिन्यांत शिकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१८. पोलिसांनी ताब्यात घेतलं. कोणाकडे धावायचं?

जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतली कोणतीही व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तिथेही शब्द ‘व्यक्ती’च आहे (प्रश्न ६). २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं परदेशी माणसालाही लागू आहे. हद्दपारीची घाई दिसली तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या खंडपीठात यावं. एक गोष्ट जपा: आश्रय मागणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या दूतावासाला कळवू नका. मदत म्हणून केलेला तो फोन मागे राहिलेल्या आईबापांवर शेकू शकतो.

१९. दुष्काळाने, समुद्र वाढल्याने देश सोडणारा निर्वासित ठरतो का?

करारातल्या पाच कारणांत (प्रश्न १) निसर्ग नाही. पण प्रशांत महासागरातल्या किरिबाती या बेटांच्या देशातल्या एका माणसाच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचं मत जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. त्याचा दावा फेटाळला, तरी हवामानामुळे जीव धोक्यात येण्याइतकी वेळ आली तर परत पाठवणं बेकायदा ठरू शकतं, असं समितीने मानलं.

२०. निर्वासित आईबापांचं मूल इथे जन्मलं. ते भारतीय का?

जन्मतारखेवर अवलंबून. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान इथे जन्मलेला, आईबाप कोणीही असोत, जन्माने नागरिक. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशाच एका तिबेटी मुलीला पासपोर्ट द्यायला लावला. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

म्हणजे आज घाटी रुग्णालयात जन्मलेलं निर्वासित जोडप्याचं बाळ भारतीय नाही, आणि आईबापांचा देश नोंद घेत नसेल तर कुठलंच नाही. तरीही त्याच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत करा. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा इथे झालेल्या प्रत्येक जन्माला लागू आहे. नोंदणी खिडकीवर आधार मागतील. नसल्याचं लेखी द्या, रुग्णालयाचा कागद दाखवा आणि दाखला हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.